कोल्हापुरातनं रॉक कॉन्सर्टला जाताय? मग परतीचं आधी ठरवा

आवडत्या बँडची इंडिया टूरची पोस्ट पडली की आपण काय करतो, ग्रुपवर टाकतो, दहा जण "येणारच" म्हणतात आणि सगळे तिकिटाच्या मागं लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की कोल्हापूरकरानं तिकिटाच्याही आधी परत कसं यायचं ते ठरवावं. मुंबई-पुण्याच्या पोरांना कॉन्सर्ट म्हणजे संध्याकाळचे चार-पाच तास, आपल्याला ते दोन दिवसांचं काम आहे, पुणे साधारण २३० किलोमीटर, मुंबई ३८० च्या आसपास, बेंगळुरू सहाशेच्या वर, आणि परतीचं काही ठरलेलं नसलं की स्टेजवर तुमचा लाडका गिटारिस्ट सोलो वाजवत असताना तुम्ही गाडी मिळंल का म्हणून घड्याळ बघत बसता. ज्या बँडनं अकरावी-बारावीच्या टेन्शनमध्ये, नोकरी नसताना, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नसताना तुम्हाला सांभाळलं, त्या बँडसमोर दोन तास मोकळ्या डोक्यानं उभं राहता यावं म्हणून हे सगळं लिहितोय.

मैदान कुठलं ते बघा, सगळं त्यावर आहे

मोठे बँड आपल्याकडं आले की बहुतेक वेळा तीनचार ठिकाणीच वाजवतात. नवी मुंबईत नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, यू टू तिथंच १५ डिसेंबर २०१९ ला वाजवून गेले, कोल्डप्ले २०२५ च्या जानेवारीत तीन दिवस तिथंच होते. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्स, गन्स अँड रोझेस १७ मे २०२५ ला तिथं झाले. बेंगळुरूला पॅलेस ग्राउंड्स, जिथं आयर्न मेडन २००७ मध्ये आणि मेटॅलिका २०११ मध्ये वाजवून गेले आणि त्या दोन्ही रात्रींबद्दल आजही लोक डोळ्यात पाणी आणून बोलतात.

आता कोल्हापूरकरासाठी ह्यातलं सगळ्यात सोयीचं कुठलं असंल तर नेरुळ. एकतर ते स्टेडियम आपल्या कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटलांच्या नावाचं, आणि दुसरं म्हणजे ते सायन-पनवेल हायवेला लागूनच आहे, म्हणजे आपल्या मुंबईच्या ट्रॅव्हल्स रोज त्याच्यासमोरनंच जातात. जाताना नेरुळ एलपी ह्या हायवेवरच्या स्टॉपला उतरायचं आणि चालत जायचं, येताना बोर्डिंग पॉइंट नेरुळ एलपी नाहीतर खारघर-कळंबोली टाकायचा. बोरिवली-दादरहून उशिरा निघणाऱ्या गाड्या नेरुळला येईपर्यंत रात्रीचे अकरा-बारा होतात आणि शो साधारण दहाला संपतो, त्यामुळं त्याच रात्री गाडीत बसून सकाळी कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या स्टॉपला उतरता येतं, मुक्कामाचा खर्च वाचतो.

शो दहाला का संपतो हे आपल्याला गणपतीमुळं पाठ आहेच. मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम, वर्षातल्या ठरावीक मोजक्या दिवसांना सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं एवढंच. त्यामुळं बाहेरचा मोठ्यातला मोठा बँड असला तरी मैदानात दहाच्या आसपास शेवटचं गाणं होतं. ह्याचा दुसरा अर्थ असा की सुरुवातही वेळेवर होते, त्यामुळं आठचा शो म्हणजे नऊला सुरू होईल असं धरून चालू नका, मेन बँडची पहिली तीन गाणी रांगेत उभं राहून बाहेरनं ऐकणं फार वाईट.

रेसकोर्सला थोडं जास्त डोकं लावायला लागतं. जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस झकास, रात्री नवाच्या आत कोल्हापुरातनं सुटते, सकाळी मुंबईत, दादरला उतरून वेस्टर्नची लोकल पकडली की प्रभादेवी, लोअर परळ आणि तिसरं स्टेशन महालक्ष्मी. आता भुयारी मेट्रोचंही महालक्ष्मी स्टेशन झालंय. पण घोळ परतीला होतो, कारण परतीची महालक्ष्मी एक्सप्रेस सीएसएमटीहून रात्री साडेआठच्या आतच सुटते, म्हणजे तेव्हा तुमचा बँड जेमतेम स्टेजवर आलेला असतो. ती गाडी विसरून जा. एक तर सायन नाहीतर चेंबूर मैत्री पार्कवरनं उशिराची ट्रॅव्हल्स, नाहीतर रात्र मुंबईत काढून सकाळची कोयना एक्सप्रेस, ती सकाळी पावणेनऊच्या सुमारास सुटते आणि रात्री आठ वाजून गेल्यावर आपल्या शाहू टर्मिनसला आणून सोडते. कोयनेत सगळा दिवस जातो खरा, पण चार दोस्त असाल तर तो प्रवासही मजेचा, घाटात दारात उभं राहून (नीट धरून) आदल्या रात्रीची गाणी म्हणत यायचं. गाड्यांच्या वेळा बदलत असतात तेवढं तिकीट काढताना एकदा बघून घ्या.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि कॉन्सर्टची तिकिटं कधी कधी चार-पाच महिने आधी विकली जातात, त्यामुळं कॉन्सर्टचं तिकीट मिळाल्या मिळाल्या फोनमध्ये बरोब्बर साठ दिवस आधीचा अलार्म लावून ठेवा. राहिलंच तर तत्काळ, एसीचं आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला.

ट्रॅव्हल्सचं बुकिंग करताना एकच धरायचं, शो संपायची वेळ अधिक दीड तास, त्याच्या अलीकडची गाडी घ्यायचीच नाही. चाळीस-पन्नास हजार माणूस एकदम बाहेर पडतं तेव्हा गेटपासून हायवेपर्यंत यायलाच वेळ जातो, रिक्षा मिळत नाही, ओला-उबर दुप्पट-तिप्पट दाखवतात. आणि गाडी सुटायच्या दिवशी दुपारीच ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून ड्रायव्हरचा नंबर मागून घ्या, त्याला सांगून ठेवा की आम्ही स्टेडियममधनं येतोय, आपले ड्रायव्हर लोक पाच मिनिटं थांबतात, फक्त आधी सांगितलेलं असावं लागतं.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, त्याच रात्री परत गाडी मारू नका. सकाळी लवकर उठून निघालेले असता, दुपारपासून उभे असता, ओरडून घसा बसलेला असतो, आणि मग रात्री बारानंतर एक्सप्रेसवे, खंबाटकी, सातारच्या खाली रुंदीकरणाची डायव्हर्शन्स. पहाटे तीन ते पाच ह्या वेळेत झोप माणसाला विचारून येत नाही. पनवेलला नाहीतर पुण्यात कुणाच्या तरी खोलीवर चार तास पाठ टेका आणि उजाडल्यावर निघा. नाहीतर कॉन्सर्टला न येणारा, गाडीतच झोप काढलेला एक ड्रायव्हर घ्या, पाच जणांत त्याचे पैसे काहीच वाटत नाहीत. फास्टॅगमध्ये खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी एवढ्यांचं आणि एक्सप्रेसवेचं जाऊन-येऊन पुरंल एवढा बॅलन्स आधीच टाका.

पुण्यात असंल तर फार लोड नाही. स्वारगेटला एसटी रात्रभर असतात, मुंबईहून येणाऱ्या ट्रॅव्हल्स वाकड, चांदणी चौक, नवले पूल, कात्रज करत येतातच. वंदे भारत आहे पण आठवड्यातले तीनच दिवस, आणि तिच्या वेळा कॉन्सर्टशी जुळत नाहीत, जाताना जमली तर बघा.

तिकीट

बुकमायशो नाहीतर डिस्ट्रिक्ट ॲप, जिथं असंल तिथं आदल्या रात्रीच लॉगिन करून, नाव-पत्ता-कार्ड सगळं भरून ठेवा. विक्री सुरू व्हायच्या आधी वेटिंग रूम उघडते, त्यात आधीच जाऊन बसा आणि एकदा रांगेत नंबर लागला की पेज रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका. चार मित्रांनी चार वेगवेगळ्या अकाउंटवरनं बसायचं, ज्याचा नंबर आधी येईल त्यानं सगळ्यांची काढायची, त्यामुळं कुणी कुणाला पैसे कसे पाठवायचे ते आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी "माझी यूपीआय लिमिट संपली" नको. घरच्या वायफायपेक्षा मोबाईलचं नेट चांगलं असंल तर त्यावर करा.

कोल्डप्लेच्या वेळी २०२४ च्या सप्टेंबरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, रांगेत लाखांनी लोक आणि नंतर दुसऱ्या साइटवर तीच तिकिटं कैक पटींनी. त्या ब्लॅकच्या नादाला लागू नका. इन्स्टावर कुणीतरी "दोन एक्स्ट्रा आहेत, अर्धे पैसे आत्ता पाठव" म्हणतो, त्यातला बराच माल खोटा असतो, क्यूआर एकच असतो आणि तो दहा जणांना विकलेला असतो, गेटवर पहिला आत जातो बाकीचे बाहेर. त्यापेक्षा धीर धरा, शोच्या आधीच्या आठवड्यांत प्रॉडक्शनच्या राखीव जागा मोकळ्या होतात आणि बऱ्याचदा थोडी तिकिटं अधिकृत साइटवरच परत सुटतात. रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहायचं.

काही शोची तिकिटं मोबाईलवर येतात आणि काहींचा मनगटाचा बँड कुरिअरनं घरी येतो. पत्ता टाकताना पिनकोड, जवळची खूण, आणि दिवसा फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर टाका. पेठेतल्या बोळात कुरिअरवाल्याला घर सापडत नाही, मग तो परत नेतो. शक्यतो दुकानाचा नाहीतर ऑफिसचा पत्ता द्या.

आणि हॉटेल बुक करणार असाल तर रद्द करता येणारंच करा. २०११ ला मेटॅलिकाचा गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झाला होता, लोक मैदानात येऊन थांबलेले. दोन दिवसांनी बेंगळुरूला मात्र झाला. असं क्वचित होतं पण होतं, तिकिटाचे पैसे परत येतात, प्रवासाचे आणि राहण्याचे येत नाहीत.

घरी काय सांगायचं

खरं सांगायचं. मित्राच्या लग्नाला चाललोय म्हणून जाऊ नका, तिथं पाय मुरगळला, फोन बंद पडला तर घरच्यांना तुम्ही कुठं आहात हेच माहिती नसतं. विशेषतः पोरींना घरनं नाही ऐकायला लागतं, त्यांच्यासाठी माझा अनुभव असा की कागदावर सगळं लिहून दिलं की बाबा-काका निम्मे तयार होतात. कुठली गाडी, बोर्डिंग कुठं, सोबत कोण, त्यांच्या घरचा नंबर, शो किती वाजता संपतो, मुंबईतल्या आत्याकडं राहणार का, सगळं. आणि आजोबा असतील तर त्यांना बाजूला घ्या. आपल्या गावात गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे, शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते, ह्या गावातल्या माणसांनी गाण्यासाठी रात्रीच्या रात्री जागून काढल्यात. आजोबांना गिटारचं डिस्टॉर्शन आवडणार नाही कदाचित, पण गाण्यासाठी पोर एवढ्या लांब चाललंय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

तयारी: कान, पाय, पोट

कानाचं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ह्याच्याकडं आपल्यात कुणी बघत नाही. आपल्याला वाटतं, मिरवणुकीत मिरजकर तिकटीला डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचलोय, आपल्याला काय होतंय. कान असा सरावत नाही भावांनो. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही, ऑपरेशन नाही. हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रॉक शोमध्ये पुढच्या भागात आवाज शंभरच्या पुढं सहज असतो आणि तो दोन तास असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सांगितली तीसुद्धा सरासरी १०० डेसिबलची आहे.

तर इअरप्लग घ्या. मेडिकलमध्ये फोमचे स्वस्तात मिळतात. जरा जास्त पैसे असतील तर संगीतासाठीचे सिलिकॉनचे मिळतात, त्यात आवाज सगळा सारखाच कमी होतो, गाणं दबल्यासारखं वाटत नाही. फोमचे घालायची एक पद्धत आहे आणि ती बहुतेकांना माहिती नसते, नुसते कानात कोंबतात आणि दोन गाण्यांत बाहेर पडतात. प्लग दोन बोटांत घेऊन हळूहळू वळायचा, अगदी उदबत्तीच्या काडीएवढा बारीक, सुरकुती न पडता. मग दुसरा हात डोक्याच्या मागनं नेऊन त्या कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, त्यानं आतली नळी सरळ होते, तसाच प्लग आत सरकवायचा आणि बोटाचं टोक त्यावर वीस-तीस सेकंद धरून ठेवायचं, तो आत फुगेपर्यंत. नीट बसला की स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा ऐकू येतो. घरी आदल्या दिवशी दोन-तीनदा करून बघा, हात स्वच्छ धुवून. आणि खरं सांगतो, प्लग घातल्यावर गायकाचे शब्द जास्त स्पष्ट कळतात, कारण कान आवाजाखाली चेपलेला नसतो. लहान भावंडाला नेणार असाल तर त्याला इअरमफ घालाच.

पायात बूट, पूर्ण बंद, जुने आणि सवयीचे. आपली चप्पल कितीही जगात भारी असली तरी पिटमध्ये, म्हणजे गर्दीत लोक एकमेकांवर धडकत नाचतात त्या गोलात, नको, अंगठा उघडा, त्यावर कुणाचातरी बूट पडला की संपला विषय, आणि तळ चिखलात घसरतो. नाडी दोन गाठी मारून बांधा. बँडचा काळा टी-शर्ट घालायचाच, पण मे महिन्यातली मुंबई असंल तर सुती घाला, सिंथेटिकमध्ये उकडून निघाल. जीन्सच्या खिशाला चेन असंल तर बरं, फोन गर्दीत असाच खिशातनं उडतो.

बॅग शक्यतो नकोच. आत काय चालतं काय नाही ह्याची यादी प्रत्येक शोची वेगळी असते आणि ती तिकिटाच्या पेजवर खाली बारीक अक्षरात असते, ती वाचा. पाण्याची बाटली, छत्री, सेल्फी स्टिक, लायटर, मोठा कॅमेरा हे बहुतेक ठिकाणी बाहेर ठेवायला लावतात, पॉवर बँकेचं कुठं चालतं कुठं नाही. बाहेर ठेवायची सोय असतेच असं नाही, त्यामुळं प्रवासाची सॅक सकाळीच स्टेशनच्या क्लोकरूमला नाहीतर ओळखीच्या कुणाकडं टाका. ओळखपत्राचा ओरिजनल जवळ ठेवा, ज्याच्या नावावर तिकीट तो माणूस सोबत पाहिजे.

पोटाचं म्हणाल तर शोच्या दिवशी सकाळी-दुपारी नीट जेवा, भात-वरण-भाजी-पोळी, साधं. तर्रीवाली मिसळ, तांबडा-पांढरा आदल्या दिवशी खा, परत आल्यावर खा, पण शोच्या दुपारी नको, सहा तास उन्हात उभं राहायचंय आणि आतल्या टॉयलेटची रांग तुम्ही बघितली नाही अजून. पाणी दिवसभर घोट घोट पीत राहा, ओआरएसचं एक पाकीट खिशात टाका. दारू पिऊन आत जाणाऱ्यांना काय सांगणार, पण एवढं तरी धरा की अर्ध्या शोमध्ये टॉयलेटच्या रांगेत उभं राहायला लागलं तर ज्या गाण्यासाठी आलाय तेच नेमकं चुकतं.

गाण्यांची तयारीपण करा. बहुतेक मोठे बँड एका टूरवर जवळपास तीच गाणी त्याच क्रमानं वाजवतात, सेटलिस्टच्या साइटवर आधीच्या शहरातली यादी मिळते. ज्याला सरप्राइज हवंय त्यानं बघू नये, पण मी बघायच्या बाजूचा आहे, कारण नव्या अल्बममधली जी चार-पाच गाणी येणार असतात ती महिनाभर रंकाळ्याला फेऱ्या मारताना ऐकून पाठ करता येतात, आणि मग तिथं हजारो माणसांबरोबर एकेक ओळ ओरडता येते. नुसती जुनी हिट गाणी माहिती असली की निम्मा शो तुम्ही मुके उभे असता. हिट वाजल्यावर ओरडायला सगळं मैदान असतंच, नवीन गाणं म्हणणाऱ्याकडं मात्र गायक बघतो.

आत गेल्यावर

गेट उघडायच्या वेळी पोचलात तर पुढं रेलिंग मिळेल. रेलिंग मिळालं की पाच-सहा तास ते सोडायचं नाही, पाणी-टॉयलेट सगळं आधी उरकायचं. उंची कमी असलेल्यांना रेलिंग सगळ्यात चांगलं, नाहीतर मधल्या गर्दीत फक्त समोरच्याची पाठ दिसते. पण ज्याला गाणं नीट ऐकायचंय त्यानं पुढं न जाता मैदानाच्या मधोमध तो छत घातलेला कट्टा असतो ना, जिथं साउंड इंजिनिअर मिक्सर घेऊन बसतो, त्याच्या अगदी पुढं नाहीतर बाजूला उभं राहावं. तो माणूस सगळा आवाज त्याच्या कानाला जमवतो, म्हणजे त्या जागेला ड्रम, बेस, दोन्ही गिटार, आवाज सगळं जसं पाहिजे तसं ऐकू येतं. अगदी पुढं रेलिंगला बेस छातीत बसतो पण गायकाचा आवाज कधी कधी कमी पडतो. फार मागं असाल तर अजून एक गंमत, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळं दीडशे मीटर मागं ड्रमरची काठी पडलेली दिसते आणि जवळजवळ अर्ध्या सेकंदानं ठोका ऐकू येतो. मैदानात मध्येच उभे केलेले स्पीकरचे टॉवर असतात त्यांचा आवाज ह्याचसाठी मुद्दाम थोडा उशिरा सोडतात, स्टेजवरच्या आवाजाशी जुळावा म्हणून. मागं उभं राहायचंच असंल तर अशा टॉवरच्या थोडं मागं राहा.

ग्रुपनं गेला असाल तर आत शिरल्या शिरल्या भेटायची जागा ठरवा, डोळ्यांना दिसणारी, उदाहरणार्थ डाव्या हाताचा दुसरा लाईट टॉवर. फोनवर अवलंबून राहू नका, एवढी माणसं एका जागी आली की नेटवर्क गळपटतं, व्हॉट्सॲप जात नाही. तिकिटाचा आणि गाडीच्या बुकिंगचा स्क्रीनशॉट बाहेरच काढून ठेवा, ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहून खिशात टाका. आणि शो सुरू झाला की फोन एअरप्लेन मोडवर, बॅटरी रात्रीसाठी लागणार आहे.

पिटबद्दल. मेटल नाहीतर हार्ड रॉकचा शो असंल तर मधे गोल होणार, लोक एकमेकांवर धडकणार. लांबनं बघणाऱ्याला मारामारी वाटते पण त्याचे नियम कडक असतात. कुणी पडलं की सगळे थांबतात आणि त्याला उचलतात, हा पहिला नियम, तो मोडणाऱ्याला बाकीचेच बाहेर काढतात. कोपर बाहेर काढायचं नाही, मूठ वळायची नाही, पोरींना मुद्दाम हात लावणाऱ्याला तिथल्या तिथं सिक्युरिटीकडं द्यायचं. चष्मा काढून खिशात, साखळी-कानातलं आधीच घरी. कडेला उभ्या माणसाला आत ओढायचं नाही, त्याला यायचं असंल तर तो येतो.

गर्दी फारच दाबली तर काय करायचं हे मात्र प्रत्येकाला माहिती असायला पाहिजे, पिटमध्ये जाणार नसाल तरी. दोन्ही हात छातीसमोर घ्या, बॉक्सर घेतो तसे, म्हणजे बरगड्यांना श्वासापुरती जागा राहते. पाय थोडे फाकून, एक पुढं एक मागं. रेटा येईल त्याच्या विरुद्ध ढकलू नका, रेट्याबरोबर जा आणि दोन रेट्यांच्या मधे जी ढिलाई मिळते तेव्हा तिरकं तिरकं कडेला सरका. खाली पडलेली वस्तू, फोन असला तरी, वाकून उचलायची नाही. श्वास अडकायला लागला तर लाज न धरता दोन्ही हात वर करून पुढच्या सिक्युरिटीला खुणवा, ते रेलिंगवरनं उचलून बाहेर काढतात, ह्यात काही कमीपणा नाही.

व्हिडिओचं ज्याचं त्यानं ठरवावं, पण मी सांगीन की एकच गाणं निवडा, त्यातलं एक कडवं घ्या आणि फोन आत टाका. दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर पुढच्या रांगेतल्या कुणीतरी पूर्ण शो चांगल्या आवाजात टाकलेला असतोच. तुमच्या फोनमध्ये बेस फाटलेला येतो आणि त्यात तुमचाच बेसूर आवाज, तो व्हिडिओ नंतर कुणी बघत नाही. त्यापेक्षा शेजारी जो अनोळखी माणूस तेच गाणं डोळे मिटून म्हणतोय त्याच्या खांद्यावर हात टाका. नागपूरचा असंल, गुवाहाटीचा असंल, त्या दोन तासांत तो तुमचाच माणूस असतो, आणि माझे सगळ्यात चांगले काही दोस्त असेच रेलिंगला भेटलेत.

टी-शर्ट घ्यायचा असंल तर आत शिरल्यावर पहिल्यांदा घ्या, संपल्यावर साइज राहत नाहीत. आतला अधिकृत टी-शर्ट महाग असतो, बाहेर फुटपाथवर त्याच डिझाइनचा स्वस्तात मिळतो, पण परवडत असंल तर आतलाच घ्या, त्यातले पैसे बँडला जातात.

संपल्यावर आणि दुसऱ्या दिवशी

शेवटचं गाणं कुठलं हे माहिती असलं तरी त्याच्या आधी बाहेर पडू नका, गाडी मिळवायची घाई म्हणून लोक शेवटची दोन गाणी सोडतात. तुम्ही दीड तास हातात ठेवलेत ते ह्याचसाठी. लाईट लागल्यावर दहा मिनिटं तिथंच उभं राहा, पाणी प्या, गर्दीचा पहिला लोंढा जाऊ दे, मग ठरलेल्या टॉवरखाली सगळे आले का मोजा आणि एकत्र निघा. रेसकोर्सहून असाल तर लोकल पकडा, शेवटची साडेबारा-एकच्या दरम्यान असते, टॅक्सीच्या मागं लागू नका. गाडीत चढल्यावर घरी एक मेसेज टाका, बसलो म्हणून.

तावडे हॉटेलला उतरला की मग हवं ते करा, बावड्याची मिसळ खा, घरी जाऊन झोपा. कामावर जायचं असंल तर शक्यतो अर्धा दिवस सुट्टी टाका. त्या दिवशी हेडफोन लावू नका, कितीही वाटलं की सेटलिस्ट परत ऐकावी, कानाला एक दिवस पूर्ण शांतता द्या. कानात शिट्टी वाजत असंल, आवाज कापसातनं आल्यासारखा वाटत असंल तर ती साधारण दिवसभरात कमी होते. दोन दिवसांनंतरही राहिली, किंवा एका कानाला एकदम कमी ऐकू यायला लागलं, तर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं लगेच जा, अचानक कमी झालेलं ऐकू येणं पहिल्या काही दिवसांत दाखवलं तर उपचाराचा उपयोग व्हायची शक्यता असते, महिन्यानं गेलात तर ती फार कमी उरते. कानात तेल घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. घशासाठी कोमट पाणी आणि गप्प राहणं. आणि तो नवा टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात हातानं धुवा, मशीनला टाकला की पाठीवरच्या शहरांच्या यादीतलं मुंबई पहिल्यांदा निघतं.